केळीच्या बागेत शुभवर्तमान वाचताना



गेला रविवार, आजचा रविवार आणि येणारा रविवार, असे तीन रविवार आपण संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात मुक्कामाला आहोत. पेरणारा, गहू आणि निदण, मोहरीचा दाणा, पिठातले खमीर, शेतात पुरलेला ठेवा. प्रभू येशूने हे सारे दाखले शेतातून, चुलीजवळून आणि समुद्रकाठावरून उचलले. आपल्या चोपडा परिसरातही हे दिवस तसेच आहेत. मृगबागेची लागवड नुकतीच उरकली आहे, कपाशीत निंदणी चालू आहे. मिस्साला येणाऱ्या अनेकांच्या नखांत आजही माती असेल. ती धुऊन आला नाहीत तरी चालेल.

अशा वेळी 'निसर्गातून व रोजच्या जीवनातून विश्वासाचे धडे' या विषयावर अभ्यासलेख लिहावा असे आमच्या मनात आले. विषय सोपा वाटला. फूल पाहावे आणि नम्रता सांगावी, नदी पाहावी आणि कृपा सांगावी, मुंगी पाहावी आणि उद्योग सांगावा. परंतु लिहायला बसल्यावर आमचेच एक जुने प्रवचन आठवले. त्यात आम्ही केलेली चूक आधी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

२०२४ सालच्या पास्काकाळातील पाचव्या रविवारी संत योहानच्या पंधराव्या अध्यायाचे वाचन होते. प्रभू म्हणतो, मी वेल आहे आणि तुम्ही फांद्या आहात. नाशिककडच्या धर्मग्रामांत हे वाचन फारसे समजावून सांगावे लागत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. आपल्याकडे द्राक्षमळे नाहीत. म्हणून आम्ही वेलीच्या जागी केळ घेतली. आम्ही म्हणालो की केळ आयुष्यात एकदाच घड देते, घड दिला की मरते, आणि मरताना पायाशी आपले पील ठेवून जाते. प्रभूने क्रुसावर तेच केले. आणि आपल्या घरातली आईसुद्धा अशीच गुपचूप झिजते व लेकरांसाठी मरते. देवळात शांतता पसरली होती. बाहेर आल्यावर दोघातिघांनी प्रवचन आवडल्याचे सांगितले. आम्हालाही ते आवडले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढच्या रविवारी एक वयस्क मावशी मिस्सा संपल्यावर थांबल्या. त्या केळीच्या बागांत रोजाने कामाला जातात. पदरावर केळीच्या चिकाचे काळपट डाग होते. हे डाग कितीही घासले तरी जात नाहीत. आजूबाजूचे पांगल्यावर त्या म्हणाल्या, "फादर, केळ मरस नई, तिले आम्ही कापतस."

आम्ही हसून विषय सोडून देणार होतो. पण मावशींना एवढेच सांगायचे नव्हते. त्यांच्या शेजारच्या एका बाईला त्या आठवड्यात ताप होता. दवाखान्यात जाऊ या असे ती नवऱ्याला म्हणाली, तेव्हा त्याने तिला आमचे प्रवचन ऐकवले. फादर काय म्हणाले ते विसरलीस का? केळीसारखी राहा. ती दोन दिवस तापात स्वयंपाक करत राहिली. तिसऱ्या दिवशी मावशीच तिला घेऊन गेल्या. आता ती बरी आहे. पण ते ऐकून त्या रात्री आम्हाला नीट झोप आली नाही.

धर्मगुरू होण्यासाठी तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. सृष्टीबद्दल चुकीचे समजलो तर त्याची चूक देवाबद्दलच्या समजुतीतही उतरते, असे ते सांगतात. ज्यांना वाटते की देवाबद्दलचे बरोबर असले म्हणजे पुरे, झाडापाखरांबद्दल कसेही समजले तरी काय बिघडते, त्यांना हे उत्तर आहे. तेव्हा तो विचार वहीत राहिला. तो खरा कळला तो चोपड्यात, एका तापलेल्या बाईमुळे. केळीबद्दल आम्ही जे चुकीचे सांगितले त्यातून एक चुकीचा देव तयार झाला. बाईमाणसाने न बोलता मरावे असे वाटणारा तो देव होता. शुभवर्तमानातला देव असा नाही. पेत्राची सासू तापाने पडली होती तेव्हा प्रभू येशूने तिला 'अशीच झीज' म्हटले नाही, तिचा हात धरून तिला उठवले.

म्हणून आम्ही मावशींना विनंती केली की आम्हाला बाग दाखवा. बागाईतदाराची परवानगी काढून एका सकाळी गेलो. जळगाव जिल्ह्याच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिची कीर्ती आपण अभिमानाने सांगतो. आम्ही इतकी वर्षे या बागांच्या मधून मोटारसायकलवर ये-जा केली, पण केळीच्या बुडाशी उकिडवे बसण्याची वेळ त्या दिवशी पहिल्यांदा आली.

मावशींनी काय दाखवले ते सांगतो. तुमच्यातील पुष्कळांना यात नवे काही नाही. पण ज्यांची मुले आता शिकून पुण्याला किंवा सुरतेला गेली आहेत त्यांनी ही पाने त्यांच्यासाठी राखून ठेवावीत.

ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो ते खरे खोड नव्हेच. पानांचे देठ एकावर एक घट्ट लपेटून तो खांब उभा राहिलेला असतो. खरे खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. नजरेस न पडणाऱ्या त्या कंदातून मुळे फुटतात, पाने येतात, आणि वेळ झाली की पानांच्या मधून केळफूल वर येऊन केळ निसवते. त्याच कंदातून बाजूबाजूने पिले फुटतात. केळ लहान असताना ही पिले ठेवत नाहीत. दर काही आठवड्यांनी विळा घेऊन ती कापतात, कारण ती आईचे अन्न वाटून घेतात आणि घड बारीक राहतो. केळ निसवल्यानंतर मग एकच पील राखतात. पुढची पिलबाग त्याच्यावर उभी राहते.

आणि घड कापल्यावर? शहाणा माणूस खांब लगेच बुडातून छाटून टाकत नाही. पाने कापतो, खांब बराचसा उभा ठेवतो, आणि नंतर टप्प्याटप्प्याने कमी करतो. त्या खांबात साठलेले पाणी आणि अन्न कंदातून पिलाला मिळत राहते. मावशींनी कापलेल्या एका खांबावर हात ठेवायला सांगितले. तो गार आणि ओला होता.

म्हणजे आमच्या प्रवचनातले काय उरले? केळ एकदाच घड देते, एवढे उरले. 'आई मरते आणि लेकरू जगते' हे उरले नाही. आई आणि लेकरू एकाच कंदावर आहेत. आधी लेकराची भूक आवरून आईला जपतात, कारण तिचा घड भरायचा असतो. आईचे भरले की मग लेकराची पाळी. नवऱ्यांनी आणि सासवांनी हा क्रम नीट वाचावा, ही आमची विनंती.

आता योहानचा पंधरावा अध्याय पुन्हा काढू या. त्यात प्रभू सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द वापरतो? 'मरणे' नव्हे. 'राहणे'. माझ्यात राहा, मी तुमच्यात राहीन, माझ्या प्रीतीत राहा. फांदीने करायचे काम ते एवढेच. छाटणीसाठी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'स्वच्छ करणे' असा आहे. लगेच पुढच्या वचनात प्रभू शिष्यांना सांगतो की तुम्ही अगोदरच स्वच्छ झालेले आहात, तिथे त्याच शब्दाचे दुसरे रूप येते. मराठीत वाचताना हे नाते सहज दिसत नाही. छाटणारा पिता रागावलेला नाही. तो साफसफाई करतो आहे, मावशी विळ्याने बाग साफ करतात तशी.

मावशींनी आणखी एक गोष्ट दाखवली. ती आम्ही विसरू शकत नाही. एका केळीच्या बुडाशी दोन पिले होती. एकाची पाने रुंद, हिरवीगार, पसरलेली. दुसऱ्याची पाने अरुंद, तलवारीच्या पात्यासारखी उभी. राखायचे झाले तर कोणते राखाल, असे त्यांनी विचारले. आम्ही अर्थातच रुंद पानांच्या पिलाकडे बोट केले. मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. रुंद पानांचे पील कंदाला वरवरच जोडलेले असते, म्हणून ते घाईने पाने उघडते आणि स्वतःच आपले पोट भरू पाहते. अरुंद पानांचे पील कंदाला खोलवर घट्ट धरून असते. त्याला पाने उघडायची घाई नसते, कारण त्याला खालून मिळत असते. घड द्यायचा झाला तर तोच देतो.

आम्ही बागेतून परतताना दुसऱ्या कोणाचा विचार केला नाही, स्वतःचाच केला. या धर्मग्रामात आल्यापासून आम्ही पुष्कळ पाने उघडली. सभा, सहली, स्पर्धा, सणाचा मांडव, मांडवाचा हिशोब, हिशोबावरची सभा. त्यातले काही चांगलेच होते. पण पहाटेची अर्धा तासाची प्रार्थना कितीदा सुटली ते आम्हाला माहीत आहे आणि प्रभूला माहीत आहे. आमच्या धर्मग्रामात काही आजीआजोबा असे आहेत की त्यांचे नाव कुठल्याच समितीत नाही, आणि रोज संध्याकाळी त्यांच्या दारावरून गेले तर आतून रोझरी ऐकू येते. पाने अरुंद आहेत.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, चला, फादरांना केळीतून बरोबरचा धडा सापडला. थोडे थांबा. आजच्या शुभवर्तमानाकडे वळू या, कारण तिथे केळ आमच्या मदतीला येत नाही, उलट अडवते.

शेतात गहू पेरला आणि वैऱ्याने रात्री निदण पेरले. नोकर म्हणतात, उपटून टाकू का? धनी नको म्हणतो. निदण उपटताना गहूही उपटला जाईल, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. पॅलेस्टाईनमधले हे निदण म्हणजे गव्हासारखेच दिसणारे गवत. ओंबी येईपर्यंत दोघांतला फरक ओळखणे कठीण, आणि तोवर मुळे एकमेकांत गुंतलेली. त्यामुळे धन्याचा निर्णय शेतीच्या दृष्टीनेही शहाणपणाचा होता.

पण आपल्या भागात केळीवर 'कुकुंबर मोझॅक' हा विषाणू येतो. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोंगा सडतो, मावा त्याचा प्रसार करतो. त्यावर औषध नाही. कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे. रोगट झाड दिसताच मुळासकट उपटा आणि बागेबाहेर नेऊन नष्ट करा, नाहीतर सारी बाग जाईल. आमच्या एका शेतकरी बांधवाने आम्हाला अगदी मनापासून विचारले, "फादर, प्रभू म्हणतो वाढू द्या, आणि साहेब म्हणतात उपटा. मी कोणाचे ऐकू?"

केळीच्या बाबतीत साहेबांचे ऐका. उशीर करू नका. दाखला ही शेतीची पुस्तिका नाही. प्रभूने स्वतःच त्याचा अर्थ सांगितला आहे. शेत म्हणजे जग, आणि कापणी करणारे देवदूत आहेत, आपण नव्हे. जो दाखला माणसांविषयी आहे तो आपण झाडांना लावायचा नाही. आणि याच्या उलट चूक जास्त भयंकर आहे. झाडांचा जो नियम आहे तो माणसांना लावून 'हा रोगट आहे, याला समाजातून उपटा' असे म्हणणारे लोक इतिहासात होऊन गेले आहेत, आणि गावागावांतही अधूनमधून दिसतात. दारू पिणारा, कर्ज बुडवणारा, लग्न मोडलेली मुलगी, यांच्याबद्दल आपल्या ओट्यांवर काय बोलले जाते ते आम्ही ऐकतो. केळ उपटायची घाई करा. माणूस उपटायची करू नका. आज निदण वाटणारा ओंबीवर येईल तेव्हा काय निघेल ते आपल्याला ठाऊक नाही.

तसेच वादळाचे. मे-जूनमध्ये पावसाच्या तोंडावर वारा सुटतो आणि तासाभरात घडासकट बाग आडवी होते. वर्षभराचे पाणी, खत, कर्ज, सारे जमिनीवर. अशा एका कुटुंबाला आपल्यापैकीच कोणीतरी सांगितले की तुम्ही मिस्सा चुकवता म्हणून हे झाले. ज्याने सांगितले त्याला आम्ही शोधत बसणार नाही. पण शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली तेव्हा प्रभू काय म्हणाला ते लूकच्या तेराव्या अध्यायात त्याने वाचावे. ती अठरा माणसे इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असे प्रभू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. त्याचा पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. आणि ईयोब? त्याने देवाकडे कारण मागितले. देवाने त्याला तारे, बर्फ, कावळ्याची पिले, रानगाढव आणि मगर दाखवली. कारण सांगितले नाही. सृष्टी देवाचे थोरपण दाखवते. कोणाची शिक्षा किती, याचा निकाल तिच्या पानांवर छापलेला नसतो.

मग निसर्गातून शिकायचेच नाही का? शिकायचे. प्रभूच तसे सांगतो. रानातल्या फुलांविषयी बोलताना मत्तयच्या सहाव्या अध्यायात जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ नुसते 'पाहा' एवढाच नाही, तर 'नीट अभ्यास करून शिका' असा आहे. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्याला आले आणि त्यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' छापून घेतले. मराठी भाषेची थोरवी सांगताना त्यांनी इथल्याच फुलांची, सुगंधाची आणि रत्नांची उपमा दिली. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपली फुले ओळखून घेतली. आपण तर इथेच जन्मलो.

शिकताना मात्र जिथे साम्य संपते तिथे थांबण्याची तयारी हवी. आमचे पाड्यांवरचे लोक प्रायश्चित्तकाळात पहाटे टोपल्या घेऊन मोहाखाली जातात. रात्रभर टपटप पडलेली फुले उजाडताच वेचतात. निर्गमच्या सोळाव्या अध्यायातला मान्ना आठवतो, तोही सकाळी वेचायचा होता. पण मान्ना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवला तर त्यात किडे पडत. मोहाची फुले वाळवून साठवतात आणि पावसाळ्याच्या ओढग्रस्तीत तीच पोटाला येतात. तर मोहाखाली 'उद्याची चिंता करू नका' एवढेच सांगून चालणार नाही. तिथे योसेफाची गोष्टही सांगावी लागेल, त्याने मिसर देशात सात वर्षे धान्य साठवले ती.

आणखी एक. बागेत आम्ही कंद पाहिला, पाने पाहिली, पिले पाहिली. बऱ्याच वेळाने लक्षात आले की विळा धरलेला हात आम्ही पाहिलाच नव्हता. त्या हाताला दिवसाची मजुरी किती मिळते, घड डोक्यावर वाहून नेताना मान किती दुखते, पाऊस असला की रोज बुडतो तेव्हा घरी काय शिजते, हे आम्ही त्या दिवशी विचारले. संत याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात कापणी करणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते असे लिहिले आहे. आपल्या धर्मग्रामात बागा असलेले थोडे आणि बागांत राबणारे पुष्कळ आहेत. दोघेही एकाच रांगेत प्रभूभोजन घेतात. ज्यांच्याकडे कोणाचा रोज बाकी असेल त्यांनी तो येत्या शनिवारच्या बाजाराआधी चुकता करावा. आमोस संदेष्टा राजवाड्यातला नव्हता. तो मेंढरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा मनुष्य होता. झाडाला हात लावणाऱ्या माणसाला देवाने बोलायला पाठवले, आणि देवळातल्या पुरोहिताला ते आवडले नाही. पुरोहिताचे नाव अमस्या. ते नाव आम्ही आता लक्षात ठेवले आहे.

बागेतून निघताना मावशींनी विळा पुसला आणि एक प्रश्न विचारला. एक पील राखतात, बाकीची कापतात. योहानच्या त्याच अध्यायात सुकलेल्या फांद्या गोळा करून आगीत टाकतात असेही आहे. "मग फादर, कापेल पिलांचं काय? ती पण त्याच कंदाची ना?"

आम्ही काही बोललो नाही. पूर्वी टिश्यू कल्चरची रोपे येण्याआधी लागवड कंदांवरच व्हायची. एका बागेतून काढलेले तलवारी पानांचे पील कंदासकट दुसऱ्याच्या शेतात जायचे आणि तिथे त्याची बाग व्हायची, हे मावशींनीच नंतर सांगितले. पण ते आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे असे त्यांना वाटत नव्हते, आणि आम्हालाही वाटत नाही.

येत्या शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता बायबल अभ्यासाला योहान अध्याय १५, वचने १ ते ८ आणि मत्तय अध्याय १३, वचने २४ ते ४३ वाचून या. तो प्रश्न तिथे घेऊ. मावशींनी यायचे कबूल केले आहे, त्या दिवशी उशिरापर्यंत काम निघाले नाही तर.

तुमचे धर्मगुरू